तोंडावरचं फडकं

खाणीतलं डबकं त्या वर्षी उन्हाळा अर्धाही सरला नव्हता तेव्हाच आटलं. आधी हिरवं झालं, मग तळाचा चिखल दिसला, मग चिखलालाही भेगा पडल्या. क्रशरच्या मालकाने एक दिवस येऊन पाहिलं, पंपाला लाथ घातली आणि पाइप गुंडाळून छपराखाली टाकायला सांगितला. त्या दिवसापासून खडी कोरडीच फुटायला लागली.

पाइप धरायचं काम गाण्याच्या मास्तरांच्या भाचीचं होतं. दगड जबड्यात पडताना आणि फुटून चाळणीवर येताना त्यावर पाणी मारत राहायचं, म्हणजे धूळ उठत नाही. दोन वर्षं ती तेच करत होती, म्हणून क्रशरवर सगळे तिला पाणीवाली म्हणायचे. आता पाणी गेलं, नाव तेवढं राहिलं. मुकादमाने तिच्या हातात फावडं दिलं आणि चाळणीखाली साचणारी भुकटी ओढायला उभं केलं.

"पगार तोच," तो म्हणाला. असं म्हणाला की जणू गावजेवणच घालतोय.

संध्याकाळी ती दारात आली की मामी तिला उंबऱ्याबाहेरच थांबवायची. मामी घरी बसून फाटकी पोती शिवायची, तिच्या हातात कायम दाभण आणि सुतळी. ते बाजूला ठेवून ती झाडणी घ्यायची आणि पोरीला डोक्यापासून पायापर्यंत झटकायची.

"थांब, आधी आत माणूस कुठाय ते शोधू दे. मग घरात घेते."

पोर हसायची. पापण्यासुद्धा पांढऱ्या. तोंडावर बांधलेलं फडकं मामी सोडून घ्यायची आणि एका एनॅमलच्या भांड्यात दोन तांबे पाणी घेऊन त्यात बुडवायची. पाणी दुधासारखं व्हायचं. भांड्याच्या तळाशी एक निळं फूल होतं, निम्मं टवके उडालेलं, ते फडकं बुडवल्याबरोबर दिसेनासं व्हायचं. "हे एवढं फडक्यावर, तर आत किती गेलं असेल," मामी म्हणायची. त्यावर कुणी काही बोलायचं नाही, कारण बोलून पाणी येणार नव्हतं.

मास्तर गाणं शिकवायचे. पूर्वी शाळेत होते. मग शाळेला गाण्याची गरज उरली नाही, म्हणून घराच्या पुढच्या खोलीत शिकवायला लागले. एक पेटी, एक सतरंजी, एक टेबल. दहा-बारा जण यायचे, पण पाणी आटल्यावर सगळ्यांच्या सकाळी टँकरच्या रांगेत जायला लागल्या आणि उरले तिघं. शिंप्याची लेक, दवाखान्यातला कंपाउंडर आणि घरचीच भाची. आई गेल्यावर ती नवव्या वर्षी या घरी आली, आणि येताना तिच्या गाठोड्यात दोन फ्रॉक आणि एक लख्ख आवाज होता. मास्तर तिचे भाची म्हणून लाड करायचे आणि शिष्या म्हणून काहीच द्यायचे नाहीत.

मास्तरांचा एक नियम होता. माणूस गाऊन थांबला की आधी एक बरं सांगायचं, मग एक चूक. एकच. दुसरी चूक दिसली तरी ती उद्यासाठी ठेवायची. "दोन खड्डे एकदम दाखवले तर माणूस चालायचाच थांबतो," ते म्हणायचे. नियम चांगला होता. मी असे शिक्षक पाहिले आहेत जे मुलाच्या गाण्याची चाळण करून टाकतात आणि वर म्हणतात, तुझ्या भल्यासाठीच. मास्तर तसे नव्हते. म्हणूनच पुढे जे झालं त्याचा राग कुणावर काढायचा हेच कळत नाही.

कंपाउंडर चाळिशीचा होता आणि बेसूर होता. पण नेमाने यायचा, पेटीपुढे मांडी घालून बसायचा आणि डोळे मिटून गायचा.

"ठेका सोडला नाहीस, हे बरं," मास्तर म्हणायचे. "आता चूक. हनुवटी वर करून सूर पकडायला जातोस. सूर काय माळ्यावर ठेवलाय का? मान खाली, घसा मोकळा."

शिंप्याच्या लेकीला म्हणायचे, "शब्द स्वच्छ आले. पण ओळीचा शेवट गिळतेस. शेवटच्या अक्षरावर दोन ठोके उभी राहा, पळू नकोस."

भाचीची ओळ वेगळी होती. नदीच्या पलीकडून कुणीतरी हाक मारतंय अशा अर्थाचं गाणं, आणि त्यातली हाकेची ओळ एका दमात सोळा ठोके न्यायची. मास्तर टेबलावर बोटाने ठोके मोजायचे, आणि जिथे तिचा दम तुटेल तिथे वहीत पेन्सिलने खूण करायचे. गेल्या वर्षी खूण सोळाव्या ठोक्याच्या पुढे असायची. दम उरायचा.

दोन वर्षांत मास्तर तिला "ठीक" याच्या पुढे गेले नव्हते. "सूर ठीक. खांदे वर जातात." "उच्चार ठीक. पोटातून घे, छातीतून नको." ती मान डोलवायची, खांदे खाली आणायची आणि परत गायची. तोंडावर काही दाखवायची नाही. एकदा मात्र मामीला म्हणाली होती, "मामा कंपाउंडरलासुद्धा बरं म्हणतात. मला ठीक."

"घरचं माणूस आहेस म्हणून," मामी म्हणाली.

कारण तेवढंच नव्हतं. मास्तर बावीस वर्षांचे असताना शहरातल्या संगीत विद्यालयात परीक्षेला गेले होते. परीक्षकाने कागदावर दोन वाक्यं लिहिली: सूर निर्दोष. आत कोणी नाही. तो कागद मास्तरांनी फाडला, पण अक्षर त्यांना अजून दिसायचं. भाचीच्या आवाजात त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू यायचा, सगळं जागच्या जागी आणि घर रिकामं. आता त्याच विद्यालयातून एक परीक्षक बाई येणार होत्या, वसतिगृहासह एक जागा भरायला. निवड झाली की क्रशर सुटणार. सहा आठवडे उरले होते.

पाइप छपराखाली गेल्याला बारा-तेरा दिवस झाले असतील. त्या दिवशी सकाळी टँकर आला म्हणून भाचीचा धडा संध्याकाळवर गेला. ती क्रशरवरून आली, मामीने झटकली, तोंड धुतलं आणि तशीच पेटीपुढे बसली. हाकेची ओळ घेतली. पाचव्या-सहाव्या ठोक्यापाशी आवाजाला एक किनार आली. खरखर म्हणावी तर नाही, पण काहीतरी घासून गेल्यासारखी, आणि हाक खरंच पलीकडून आल्यासारखी वाटली. आत पोती शिवणाऱ्या मामीचा हात थांबला.

मास्तरांनी ठोके मोजायचे सोडले.

"परत घे."

तिने परत घेतली.

"पोरी," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "आज पहिल्यांदा गाण्यात तू आहेस. फार बरं. फार फार बरं."

तिचे कान लाल झाले. ती सतरंजीची दोरी ओढत बसली.

"आता चूक सांगा," ती म्हणाली.

"खांदे," मास्तर म्हणाले. ओळ तेराव्या ठोक्याला तुटली होती, हे त्यांना न मोजताही कळलं होतं. वहीत खूणही केली. पण त्या दिवसाची चूक सांगून झाली होती, आणि दम काय, उद्या पाहू. उद्या दुसरंच काहीतरी निघालं. नियमच तसा होता.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तिचा धडा कायमचा संध्याकाळी ठेवला. "सकाळी तुझा आवाज धुतलेल्या भांड्यासारखा असतो," ते म्हणाले. "संध्याकाळी त्यात जीव असतो."

हे तिने डोक्यात धरलं. पोर हुशार होती. सकाळी नाही, संध्याकाळी आहे. सुट्टीच्या दिवशी नाही, कामाच्या दिवशी आहे. हिशोब काही अवघड नव्हता.

क्रशरवर चाळणीखाली चौघी होत्या. मशीन सुरू झालं की एकमेकींचं बोलणं ऐकू यायचं नाही, हातवारे करायचे. फावड्याचा दांडा घामाने आणि भुकटीने बुळबुळीत व्हायचा, तो कमरेच्या पदराला पुसायचा. भुकटी पायाच्या बोटांत, कानांत, दातांत. बायका स्वतःच्या प्यायच्या पाण्यातून फडकं ओलं करायच्या, आणि अर्ध्या तासात ते वाळून तोंडावर पापडासारखं कडक व्हायचं.

एका दुपारी तिने फडकं नाकावरून खाली ओढून गळ्यात घेतलं. सुरुवातीला ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आलं. मग सवय झाली. शेजारची म्हातारी तिला हाताने खुणावत होती, वर घे, वर घे. तिने मान हलवली आणि फावडं चालवत राहिली. संध्याकाळी हाकेच्या ओळीत ती किनार तिसऱ्याच ठोक्याला आली, आणि मास्तरांनी पेटीवरचे हात उचलून नुसतं ऐकलं.

मग ती रोजच तसं करायला लागली. घरी यायच्या वाटेवर, वळणापाशी, फडकं परत नाकावर चढवायची.

मुकादमाने एकदा हटकलं. "तोंड बांध गं, पाणीवाले. उद्या आजारी पडलीस तर माझ्या नावाने बोंब."

"गुदमरतं मला."

"मग गुदमर. पण बांधून गुदमर." बायका हसल्या. तिने बांधलं, आणि तो पलीकडे गेल्यावर सोडलं.

घरी मामी एनॅमलच्या भांड्यात फडकं बुडवायची. एके दिवशी ती मास्तरांना म्हणाली, "अहो, हल्ली फडकं स्वच्छ येतंय. पाणी फार गढूळ होत नाही."

"बरं झालं," मास्तर म्हणाले. "धूळ कमी झाली असेल. मालकाने काहीतरी केलं असेल."

"मालकाने?" मामी म्हणाली. "तो देवालासुद्धा फुकट नमस्कार करायचा नाही." मग भांड्यातलं ते पाणी तिने पोती भिजवायला वापरलं. वाया कशाला घालवायचं.

पोर खोकायला लागली होती. सकाळी उठल्यावर जास्त. वहीतल्या पेन्सिलच्या खुणा तेराव्यावरून बाराव्या ठोक्यावर आल्या, मग अकराव्या. मास्तरांना त्या दिसत होत्या. त्यांनी स्वतःची समजूत काढली की भाव आला की दम लवकर खर्च होतो. तिला पोटाचे व्यायाम दिले. जमिनीवर उताणी झोपवून पोटावर जाडजूड पुस्तक ठेवायला लावलं, श्वास घेताना ते वर उचललं पाहिजे. पुस्तक उचललं जायचं, मग मध्येच थरथरायचं आणि ती कुशीवर वळून खोकायची. पालथ्या घड्यावर पाणी, असं मास्तर वैतागून म्हणाले. तिने सॉरी म्हटलं.

परीक्षक बाई यायच्या दिवशी कंपाउंडर सकाळी लवकर आला. त्याला परीक्षा द्यायची नव्हती, फक्त ऐकायचं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. भाची आत न्हात होती आणि मोरीतून खोकल्याचा आवाज येत होता. तो उभा राहून ऐकत राहिला.

"मास्तर, एक बोलू? गाण्यातलं नाही. गाण्यातलं मला काय कळतंय."

"बोल."

"हा खोकला किती दिवस आहे?"

"महिना झाला असेल. उन्हाळा आहे, घसा कोरडा पडतो."

"घशाचा नाही हा." कंपाउंडरने स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "क्रशरवरचे दवाखान्यात येतात ना, त्यांचा असा असतो. कोरडा आणि खोलातून. ती तोंड बांधत नाही का?"

"बांधते की. रोज फडकं धुतो आम्ही."

"मग इतक्यात असं व्हायला नको होतं," कंपाउंडर म्हणाला. चाचरत पुढे म्हणाला, "आणि मास्तर, रागावू नका. संध्याकाळी तिच्या आवाजात ते जे येतं, तुम्ही ज्याला जीव म्हणता. तसा आवाज माझ्याकडे येणाऱ्या सगळ्यांचाच असतो. त्यातल्या एकालाही गाता येत नाही."

मामीचं वाक्य मास्तरांना आठवलं. हल्ली फडकं स्वच्छ येतंय. ते टेबलापाशी गेले आणि वही उघडली. खुणा एकाखाली एक होत्या, पान भरून, आणि पायरी उतरावी तशा डावीकडे सरकत आल्या होत्या. कालची नवव्यावर होती. त्यांनी वही मिटली. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला.

परीक्षक बाई साठीच्या होत्या, पांढरे आखूड केस, हातात पाण्याची स्वतःची बाटली. मुलं जिथे शिकतात तिथेच ऐकायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. त्यांनी शिंप्याच्या लेकीला ऐकलं आणि म्हणाल्या, "छान तयारी आहे. ओळीचा शेवट सोडत नाहीस, हे कुणीतरी नीट शिकवलंय. पण बाळ, घाबरून सूर आवळतेस. जबडा सैल सोड." लेक खूश झाली.

मग भाची बसली. आदल्या दिवशी ती पूर्ण पाळी भरून आली होती, आणि परीक्षा म्हणून खास, जास्तच वेळ चाळणीखाली उभी राहिली होती. हे खोलीत तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. तिने हाकेची ओळ घेतली. पहिल्याच ठोक्याला आवाज फाटल्यासारखा झाला आणि फाटलेलाच वर चढला. मास्तर नकळत टेबलाच्या कडेवर बोटाने मोजत होते. सात. आठ. आठव्याला ती थांबली, ओठ मिटून छाती दाबून धरली, खोकला गिळला आणि उरलेली ओळ दुसऱ्या दमात म्हटली. तुटलेली हाक. दारात उभ्या मामीने पदराचा बोळा तोंडात धरला होता.

परीक्षक बाईंनी हातातली बाटली खाली ठेवली.

"दम कमी आहे," मग त्या म्हणाल्या. "तो आम्ही वाढवू. पण ही जी हाक मध्ये तुटते ना, आणि हा आवाजातला घाव, हे शिकवता येत नाही. चाळीस वर्षं मी मुलांना ऐकतेय." त्या मास्तरांकडे वळल्या. "हिच्यात हे कुणी जागं केलं?"

मास्तरांनी तेव्हा बोलायला हवं होतं. वही टेबलावर होती, कंपाउंडर भिंतीशी उभा राहून त्यांच्याकडेच पाहत होता, आणि वाक्य अगदी साधं होतं. पण चाळीस वर्षांमागे ज्या विद्यालयाने आत कोणी नाही असं लिहिलं होतं, ते विद्यालय आज त्यांच्या सतरंजीवर बसून विचारत होतं.

"मी," मास्तर म्हणाले.

"तीन महिन्यांनी प्रवेश. तेव्हा आमचे मुख्य गुरुजी एकदा ऐकतील, नावापुरतं. तोवर काही बदलू नका." बाई उठल्या, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. "आवाज अस्साच ठेव."

गाडी गेली. कंपाउंडर निरोप न घेता गेला. चप्पल मात्र बराच वेळ शोधत होता, पायातच असताना.

दुपारी मास्तरांनी भाचीला समोर बसवलं. पेटी उघडली नाही.

"फडकं काढतेस का तू? क्रशरवर?"

तिने सतरंजीची दोरी ओढली.

"मी तुझ्याशी बोलतोय."

"आधी नव्हते काढत," ती म्हणाली.

"केव्हापासून?"

"तुम्ही फार बरं म्हणालात तेव्हापासून."

आत मामीच्या हातातून दाभण खाली पडलं. मास्तरांनी दोन्ही तळवे टेबलावर टेकले.

"पोरी, मी चुकलो. ते गाणं नव्हतं. ती धूळ होती. मला वाटलं गाणं आहे, कारण मला तसं वाटायला हवं होतं. तू उद्यापासून क्रशरवर जायचं नाहीस. कंपाउंडरबरोबर दवाखान्यात जायचं."

"आणि तीन महिन्यांनी ते ऐकायला बोलावतील तेव्हा?"

"तेव्हा तुझा आवाज असेल त्या आवाजात गा."

"धुतलेल्या भांड्यासारख्या?" ती हळू म्हणाली. त्यात उपहास नव्हता, तिने फक्त त्यांचाच शब्द परत केला. "मामा, तुम्हाला हे केव्हा कळलं?"

"आज सकाळी."

"मग बाईंसमोर का नाही बोललात?"

मास्तरांनी वही पुढे ओढली आणि परत मागे सारली. मग तीच उठली, त्यांना तांब्याभर पाणी आणून दिलं आणि त्यांनी ते प्यायलं. यापेक्षा तिने दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

शेवटी असं ठरलं की महिनाअखेरपर्यंत चारच दिवस जायचं, कारण मध्येच सोडलं तर मुकादम शेजारच्या म्हातारीलाही काढील. पण फडकं बांधून. मामीने तिला शपथ घ्यायला सांगितलं. पोर म्हणाली, शपथ कशाला, हो म्हणते ना. आणि ती हो म्हणाली, मामीच्या तोंडाकडे पाहून, सरळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी स्वतः फडकं ओलं केलं आणि तिच्या तोंडावर बांधलं. मागे दोन गाठी मारल्या. आयुष्यात त्यांनी कुणाला असं काही बांधून दिलं नव्हतं. गाठ कानाला टोचत होती, ती तिने सहन केली.

दिवसभर ते पुढच्या खोलीत बसून होते. कुणी शिकायला आलं नाही. लांबून क्रशरचा घरघराट येत होता. मध्ये बंद पडला की ते मान वर करायचे, आणि सुरू झाला की परत खाली घालायचे.

संध्याकाळी ती आली. फडकं नाकावर होतं, दोन्ही गाठी जागच्या जागी. केस पांढरे, पापण्या पांढऱ्या. मामीने झटकली. या वेळी मामी काही गमतीचं बोलली नाही. तिने गाठी सोडल्या, फडकं मास्तरांच्या हातात दिलं आणि एनॅमलचं भांडं आणून त्यात दोन तांबे पाणी ओतलं. पोर मोरीत पाय धूत होती. खोकत होती.

मास्तर उकिडवे बसले. त्यांनी फडकं पाण्यात बुडवलं, हाताने दाबलं, पिळलं, उलटून पुन्हा बुडवलं. मग हात बाहेर काढून वाट पाहिली.

मामी त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहत होती. भांड्याच्या तळाशी ते निळं फूल होतं, निम्मं टवके उडालेलं, आणि त्याची एकूण एक पाकळी स्वच्छ दिसत होती.